‘आम्ही’, ‘आपण’ आणि तब्येत

दारात आलेल्या शेजाऱ्याला ‘आम्ही जेवायला बसतोय’ असं म्हटलं, की तो ‘बरं, मग नंतर येतो’ म्हणून मागे फिरतो. ‘चला, आपण जेवायला बसू’ म्हटलं, की तो चपला काढतो. फरक एका शब्दाचा. पण पानावर कोण बसणार आणि उंबऱ्याबाहेर कोण राहणार, हे तो शब्द ठरवतो. हिंदीतल्या ‘हम’ला किंवा इंग्रजीतल्या ‘वी’ला हे जमत नाही. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ वेगळा आणि त्याला आत घेणारा ‘आपण’ वेगळा, ही सोय मराठीत आहे, गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्येही आहे. मराठी घरातलं पोर व्याकरणाचं पुस्तक हाती येण्याआधीच हा भेद पाळायला लागतं.

तब्येतीची गोष्ट व्याकरणापासून सुरू करायचं कारण आहे. माणूस किती वेगवेगळ्या लोकांत बसून मनापासून ‘आपण’ म्हणू शकतो, याचा त्याच्या मनाशी आणि शरीराशीही संबंध आहे, असं गेल्या काही दशकांतलं संशोधन सांगतं. नातेवाईक किती, ओळखी किती, फोनमध्ये नंबर किती, हे त्यात दुय्यम आहे. कुठे कुठे आपण ‘आतले’ असतो, हा खरा प्रश्न आहे.

नाकात घातलेले थेंब

१९९७ साली शेल्डन कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार वाटणारा प्रयोग प्रसिद्ध केला. १८ ते ५५ वयाच्या २७६ निरोगी माणसांच्या नाकात, त्यांच्या संमतीनेच, सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले गेले. मग त्यांना काही दिवस वेगळं ठेवून कोणाला सर्दी होते ते पाहिलं. नाक पुसलेल्या कागदांचं वजन करून शेंबूड मोजण्याइतका काटेकोरपणा त्यात होता.

थेंब घालण्याआधी प्रत्येकाकडून एक माहिती घेतली होती. नवरा किंवा बायको, आईवडील, सासू-सासरे, मुलं, जवळचे नातलग, शेजारी, मित्र, कामावरचे सहकारी, शिकण्यातले सोबती, समाजकार्यातले सोबती, धार्मिक मंडळ आणि इतर मंडळं अशा बारा प्रकारांपैकी किती प्रकारच्या माणसांशी पंधरवड्यातून एकदा तरी बोलणं होतं? ज्यांचं उत्तर एक ते तीनवर थांबलं, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा अधिक प्रकार सांगणाऱ्यांच्या ४.२ पट निघाला.

चार ठिकाणी वावरणाऱ्याला सर्दी जास्त होणार, असा आपला साधा हिशेब. तो इथे उलटा पडला. धूम्रपान, अपुरी झोप, आहार या गोष्टी लक्षात घेऊनही फरकाचा बराच भाग शिल्लक राहिला. यातली मेख अशी, की मोजणी माणसांच्या संख्येची नव्हती, नात्यांच्या प्रकारांची होती. दहा चुलतभाऊ असले तरी प्रकार एकच. एक चुलतभाऊ, एक शेजारी आणि भजनाला बसणारा एक सोबती, हे झाले तीन.

२०१० साली ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशा १४८ अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली. त्यांत मिळून तीन लाखांहून अधिक माणसं होती आणि सरासरी साडेसात वर्षं त्यांची नोंद ठेवलेली होती. सामाजिक नाती बळकट असणाऱ्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त आढळली. हा परिणाम सिगारेट सोडण्याच्या परिणामाच्या तोडीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली दिलेल्या अहवालात एकटेपणामुळे जगभरात दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात असा अंदाज मांडला आहे आणि जगातल्या दर सहा माणसांत एकाला एकटेपणा ग्रासतो असं म्हटलं आहे.

हे कशामुळे होतं, याचं एक महत्त्वाचं उत्तर फार वेगळ्या वाटेने आलं. ती वाट भांडणाच्या अभ्यासातून जाते.

क्लेवाले आणि कँडिन्स्कीवाले

हेन्री ताजफेलचा जन्म १९१९ सालचा, पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातला. शिकायला तो फ्रान्समध्ये गेला, दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच सैन्यात भरती झाला आणि १९४० साली जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. पुढची वर्षं छावण्यांत गेली. छावणीत त्याला फ्रेंच कैदी समजलं गेलं, म्हणून तो वाचला. तो पोलंडचा ज्यू आहे हे उघड झालं असतं, तर त्याचा स्वभाव कसा आहे, पहारेकऱ्यांशी त्याचं किती जमतं, यातल्या कशाचाच उपयोग झाला नसता. तो सुटून परतला तेव्हा त्याच्या घरची जवळजवळ सगळी माणसं संपलेली होती. कोणत्या गटाचं नाव कपाळावर आहे एवढ्यावरून माणसाचा जीव जातो किंवा राहतो, हे ज्याने स्वतः पाहिलं, तो पुढे त्याच प्रश्नाचा अभ्यासक झाला.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे त्याने शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाला. मुलांना पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि ‘तुला क्ले आवडतो, तुला कँडिन्स्की’ असं सांगून दोन गट पाडले. खरं तर वाटणी नुसती नशिबावर सोडलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग प्रत्येकाला दुसऱ्या दोघांना बक्षिसाचे पैसे वाटून द्यायला सांगितलं. स्वतःला त्यातलं काही मिळणार नव्हतं. तरीही मुलं आपल्या गटातल्या अनोळखी मुलाला झुकतं माप देत होती. इतकंच नव्हे, तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, अशी निवडही अनेकदा करत होती.

ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ साली यावरून जो सिद्धान्त मांडला त्याचं सार असं: माणसाच्या ‘मी’चा मोठा भाग तो ज्या गटांत स्वतःला गणतो त्यांच्याकडून आलेला असतो. गटाची मान उंचावली की त्याची छाती फुगते. गटाला कोणी बोललं की त्याला लागतं. भारत सामना हरल्यावर ज्याला जेवण गोड लागत नाही, त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पुढची दोन-तीन दशकं हा सिद्धान्त मुख्यतः भांडणं, पूर्वग्रह, दंगली समजून घेण्यासाठी वापरला गेला. मग अॅलेक्स हॅस्लम, कॅथरीन हॅस्लम, योलांडा येटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच धागा दुसऱ्या टोकाने धरला. गट जर ‘मी’चा भाग असेल, तर गट हातचा गेल्यावर ‘मी’चं काय होतं? आणि हाताशी तीन-चार गट असतील तर? इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांतून गेल्या वीस वर्षांत या प्रश्नांवर शेकडो अभ्यास झाले आहेत. गटातून मिळणाऱ्या या गुणकारी परिणामाला त्यांनी इंग्रजीत नाव दिलं ‘सोशल क्युअर’. आपण त्याला ‘सोबतीचं औषध’ म्हणू.

नाव असणं आणि आपलं वाटणं

या औषधाचा पहिला नियम असा, की यादीत नाव असून ते लागू पडत नाही. फाबिओ सानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांत आणि सैनिकांच्या तुकडीत एक तुलना केली. माणूस गटातल्या इतरांना किती वेळा भेटतो हे एकीकडे, आणि तो गट त्याला किती ‘आपला’ वाटतो हे दुसरीकडे. मानसिक आरोग्याशी घट्ट संबंध निघाला तो दुसऱ्याचा. रोज एका छताखाली जेवणारी, पण त्या घरात स्वतःला परकी समजणारी माणसं आपल्याही पाहण्यात असतात. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, असे चाळीस व्हॉट्सअॅप ग्रुप आवाज बंद करून ठेवलेले असतात, त्यांचंही तेच.

दुसरा नियम, आपलेपणातून मिळणारी मदत वेगळ्या चवीची असते. परक्याने केलेली मदत उपकार म्हणून खांद्यावर बसते. आपल्यातल्याने केलेली मदत हक्काची असते. ती घेताना मान खाली जात नाही, कारण उद्या आपणही तेच करणार असतो. भिशीचा सगळा व्यवहार या विश्वासावर चालतो. बचत गटाचंही तसंच. दहा ते वीस बायका महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात, त्यातून अडीनडीला कर्ज घेतात. हिशेबाच्या वहीत दिसतात ते पैसे. पण एकटी बँकेच्या दारात बिचकणारी बाई गटातल्या चौघींबरोबर मॅनेजरच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसते, ते वहीत कुठे दिसत नाही. काही आपल्या हातात आहे असं वाटणं, जगण्याला काही अर्थ आहे असं वाटणं, स्वतःची किंमत वाटणं आणि वेळेला कोणी आहे याची खात्री, या चार गोष्टी गटातून मिळतात असं हे संशोधक सांगतात. मनाच्या आजारात आधी जातात त्या नेमक्या याच चार गोष्टी.

जपानच्या ओकिनावा बेटांवर ‘मोआई’ नावाची पद्धत आहे. काही जणांनी एकत्र यायचं, दर महिन्याला पैसे जमवायचे आणि पाळीपाळीने एकेकाने ते उचलायचे. थोडक्यात, भिशीच. पुष्कळदा तेच लोक आयुष्यभर एकत्र राहतात. आजारपणात, मरणात एकमेकांच्या दारात उभे राहतात. दीर्घायुष्यासाठी नावाजलेल्या या बेटांचं कौतुक करणारे तिथल्या रताळ्यांबरोबर मोआईचाही उल्लेख करतात, तो उगाच नव्हे.

माघातली थंडी

गर्दी, गोंगाट, थंडी, उघड्यावरचा मुक्काम, हे सगळं तब्येतीला वाईट, असं कोणताही डॉक्टर सांगेल. प्रयागच्या माघ मेळ्यात हजारो कल्पवासी महिनाभर नेमकं हेच करतात. बहुतेक उतारवयातले. संगमाच्या वाळूत तंबू, पहाटे गंगेत स्नान, एकदा जेवण, आणि रात्रंदिवस कानावर आदळणारे भोंगे. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या एका चमूने इथे काही वर्षं काम केलं. त्यांनी ४१६ कल्पवाशांना मेळ्याच्या महिनाभर आधी आणि मेळा संपल्यावर महिन्याने त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. तशाच गावांतल्या, पण मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांनाही तेच विचारलं. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहिलेल्यांच्या तुलनेत मेळ्याहून आलेल्यांची तब्येत, त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, सुधारली होती.

याच चमूच्या एका प्रयोगात लोकांना एकच अस्पष्ट गोंगाट ऐकवला. काहींना सांगितलं की हा मेळ्यातला आवाज, काहींना सांगितलं की हा शहरातल्या रस्त्यावरचा. मेळ्याचा म्हणून ऐकलेला आवाज लोकांना जास्त सुसह्य वाटला. कान तेच, आवाज तोच. ‘हा आपला आहे’ एवढं कळलं आणि त्याचा त्रास कमी झाला. गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाच्या कार्यकर्त्याला ढोलाचा त्रास होत नाही आणि समोरच्या इमारतीतल्या आजोबांना होतो, त्याचं उत्तर नुसत्या डेसिबलमध्ये सापडणार नाही.

आषाढी वारीसाठी आळंदीहून पंढरपूरला चालत निघालेल्या माणसाच्या पायाला फोड येतात, पाऊस झोडपतो, झोप मोडते. पण ज्याला त्याला ‘माउली’ म्हणून हाक मारली जाते. पाणी देणारा माउली, धक्का लागला तोही माउली, रस्ता अडवणारा पोलिसही माउली. गाव, हुद्दा, आडनाव बाजूला ठेवून समोरच्याला ‘आपण’मध्ये ओढणारं यापेक्षा सोपं संबोधन सापडणं अवघड.

पण वारीचंच दुसरं चित्रही आपल्याकडे आहे. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणारी ब्राह्मण आणि मराठा माणसं जेवायला मात्र वेगवेगळ्या पंगतीत बसत होती. चालताना ‘आपण’ आणि ताटावर ‘आम्ही’. गटाचं औषध घेताना ही दुसरी बाजू विसरून चालत नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

निवृत्तीची पहिली सहा वर्षं

गट एकाहून जास्त कशासाठी हवेत, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते आयुष्याचं वळण येतं तेव्हा. इंग्लंडमध्ये ५० वर्षांवरील लोकांची दीर्घकाळ माहिती ठेवणारा एक मोठा प्रकल्प आहे. त्यातल्या ४२४ निवृत्तांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. निवृत्तीआधी जे दोन गटांत होते आणि नंतरही दोन्ही टिकवून राहिले, त्यांचा पुढच्या सहा वर्षांत मृत्यू होण्याचा धोका २ टक्के होता. एक गट सुटला तर तो ५ टक्के झाला. दोन्ही सुटले तर १२ टक्के. आठवड्याचा व्यायाम सुरू ठेवणाऱ्या आणि सोडणाऱ्यांत जेवढा फरक पडतो, जवळपास तेवढाच हा फरक होता.

त्याच प्रकल्पाच्या माहितीवर आधारलेला दुसरा अभ्यास नैराश्याचा आहे. नैराश्य येऊन गेलेली आणि कोणत्याच गटात नसलेली माणसं एका गटात सामील झाली, तर नैराश्य पुन्हा उलटण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला. तीन गटांत सामील झाली, तर ६३ टक्क्यांनी. पक्षाघातातून उठलेल्या रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासातही तेच सूत्र दिसलं. आजाराआधी जे अनेक गटांत होते, त्यांचे काही गट आजारानंतरही टिकले आणि त्यांचं समाधानही त्या मानाने टिकलं.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. मुळात ज्याची तब्येत बरी, तोच घराबाहेर पडतो आणि मंडळात जातो. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? शंका रास्त आहे आणि या अभ्यासांतल्या आकड्यांना तेवढी मर्यादा आहे. म्हणूनच संशोधकांनी उलट बाजूने, म्हणजे आधी गट देऊन मग परिणाम पाहण्याचे प्रयोग केले. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या, नैराश्य आणि एकटेपणाने ग्रासलेल्या १७४ तरुणांपैकी काहींना मान्यताप्राप्त मानसोपचार दिला. बाकीच्यांना आपले गट ओळखणं, जुने जोडून घेणं आणि नवे शोधणं हे शिकवणारा एक छोटा कार्यक्रम दिला. नैराश्य कमी करण्यात दुसरा पहिल्यापेक्षा कमी ठरला नाही, आणि वर्षभरानंतर एकटेपणाच्या बाबतीत तो थोडा सरसच निघाला. औषधोपचाराला हा पर्याय आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण त्याच्या जोडीला बसण्याची योग्यता त्यात आहे.

एका खुंटीवरचे सगळे अंगरखे

नुसती संख्या मोजून भागत नाही, हे मुंबईच्या गिरणगावाने फार मोठी किंमत देऊन दाखवलं. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार गाववाल्यांबरोबर एका गाळ्यात राहायचा, खानावळीत जेवायचा, गावाच्या मंडळात वर्गणी द्यायचा, व्यायामशाळेत जायचा, भजनाला बसायचा, युनियनच्या सभेला हजर असायचा. गोव्याहून येणाऱ्यांसाठी धोबीतलाव-माझगाव भागात गावागावाच्या ‘कूड’ होत्या, त्यांचंही काम असंच: परक्या शहरात पोचल्याबरोबर आपल्या माणसांत जागा देणं. अशा माणसाला गटांची वाण होती असं कोण म्हणेल?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही, आणि बहुतेकांची गिरणीही पुन्हा पहिल्यासारखी सुरू झाली नाही. तेव्हा लक्षात आलं की गाळा, खानावळ, व्यायामशाळा, सभा, हे सगळे अंगरखे गिरणी नावाच्या एकाच खुंटीला टांगलेले होते. खुंटी निघाली आणि सगळे एकदम खाली आले. त्यातल्या त्यात एक धागा गिरणीबाहेर बांधलेला होता, तो गावाचा. पुष्कळ जण त्याला धरून गावी परतले. पगार गेल्याचं दुःख मोजता येतं. रोज सकाळी भोंगा झाल्यावर ज्या लोंढ्यात आपण मिसळायचो तो लोंढाच नाहीसा झाला, याची मोजणी करायला कोणाकडे माप नव्हतं.

म्हणून गट वेगवेगळ्या खुंट्यांवरचे हवेत. ऑफिसातले मित्र, ऑफिसचा क्रिकेट संघ आणि ऑफिसच्या बसमधली टोळी हे मोजायला तीन, पण ३१ तारखेला निरोपाचा नारळ मिळाला की एका दिवसात तिन्ही संपतात.

गाव सोडताना गट बरोबर नेण्याची युक्ती मात्र मराठी माणसाला जुनीच अवगत आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ सालची. बर्फात गणपती बसवणाऱ्यांना आपण हौशी म्हणून हसतो. पण नव्या ठिकाणी रुजायचं तर जुन्या ‘मी’चा एक तुकडा हातात असावा लागतो; तो असला की नवे गट जोडणंही सोपं जातं.

भिंती

आता इरावतीबाईंच्या पंगतीकडे परत येऊ. ब्रिस्टलच्या मुलांनी दाखवलं की ‘आम्ही’ तयार व्हायला काहीही पुरतं, आणि ‘आम्ही’ झालं की ‘ते’ होतातच. आतल्याला ऊब देणारी भिंत बाहेरच्याला गारठ्यात ठेवते. आतल्यालाही ती कधी कधी गुदमरवते: लग्न कोणाशी करायचं, कोणाकडे पाणी प्यायचं, मुलीने किती शिकायचं, हे सगळं भावकी ठरवू लागली की त्या आपलेपणात तब्येतीला चांगलं काही उरत नाही. व्यसनी मित्रांचं टोळकंही गटच असतं, आणि तिथलं आपलेपण खरं असतं म्हणूनच ते सुटत नाही.

ज्यांना समाजाने बाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी मात्र गट हीच ढाल होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दलच्या १९९९ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं, की भेदभावाची जाणीव मनाला पोखरते, पण तीच जाणीव माणसाला आपल्या समूहाशी घट्ट बांधते आणि ती बांधणी झालेली हानी काही अंशी भरून काढते. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखोंच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाला ती रांग काय देते, हे समजायला हा मुद्दा उपयोगी पडेल.

ज्यांना अभिवादन करायला ती रांग लागते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या न झालेल्या भाषणात याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. आदर्श समाजात गटागटांमध्ये मोकळ्या आणि विविध प्रकारच्या देवाणघेवाणीच्या जागा असल्या पाहिजेत, अशी त्यांची मांडणी होती. त्यासाठी त्यांनी जीवशास्त्रातला एक शब्द वापरला: ‘एन्डॉस्मोसिस’, म्हणजे पेशीच्या पडद्यातून द्रवाचं आत झिरपणं. पडदा हवा, पण त्यातून झिरपायला हवं. माणूस एकाच भिंतीआड जन्मून तिथेच मरत असेल, तर त्याला शंभर नातलग असूनही कोहेनच्या हिशेबात त्याची पाटी जवळजवळ कोरीच.

कागद आणि पेन्सिल

ब्रिटनने २०१८ साली एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. ऑस्ट्रेलियात निवृत्त पुरुषांसाठी ‘मेन्स शेड’ नावाच्या सुतारकामाच्या पडव्या गावोगाव उभ्या राहिल्या. पुरुष समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, पण रंधा मारता मारता शेजारच्याशी बोलतात, ही त्यामागची साधी ओळख. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्यक्लब आहेत, भजनी मंडळं, वाचनालयं, ट्रेकवाले, भिशीवाल्या, सकाळचा बागेतला कट्टा आहे. नव्याने काही उभारण्याची आपल्याला फारशी गरज नाही. जे आहे त्याचा दरवाजा किती उघडा आहे, एवढंच बघायचं आहे.

संशोधक जे करायला सांगतात ते घरी करता येतं. एक कागद घ्या. ज्या गटांत तुम्हाला मनापासून ‘आपण’ म्हणता येतं तेवढेच त्यावर लिहा. जो जास्त जवळचा तो मोठ्या अक्षरात. ज्यांचं एकमेकांशी जुळतं त्यांच्यात सरळ रेघ ओढा, ज्यांच्यात ओढाताण होते त्यांच्यात नागमोडी. मग प्रत्येक गट कोणत्या खुंटीवर टांगलेला आहे ते पाहा. नोकरी गेली, गाव सुटलं, जोडीदार गेला, पाय अधू झाला, तर कागदावर काय उरेल? सगळेच पुसले जात असतील, तर साठी उलटायची वाट न पाहता दुसऱ्या खुंटीवरचा एक गट आजच धरायला हवा. शक्यतो असा, जिथे आपल्या आडनावाचं, आपल्या धंद्याचं, आपल्या वयाचं सगळंच जमून आलेलं नाही.

आणि तुम्ही आधीच कुठे आत असाल, तर दुसऱ्याच्या तब्येतीसाठी तुमच्या हातात एक बिनखर्चाचं काम आहे. बागेच्या फाटकाशी रोज एकटाच घुटमळणारा कोणी दिसला, तर त्याला ‘आम्ही इथे रोज सहाला बसतो’ असं सांगून थांबू नका. ‘उद्या सहाला आपण बसू’ म्हणा.